सभेचे फोटो काढायचेत? आधी हॉल बघून या

कोकणातल्या वाडीच्या मंडळाची वार्षिक सभा, बचत गटाचा मेळावा, मच्छीमार सोसायटीची सर्वसाधारण सभा, शाळेतलं वह्यावाटप. कार्यक्रम कोणताही असो, आदल्या रात्री कुणीतरी म्हणतं, "तुझा मोबाईल चांगला आहे ना, मग फोटो तूच काढ." दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटोंचा ढीग पडतो. निम्म्यांत वक्त्याच्या तोंडासमोर माइक, उरलेल्यांत खिडकीच्या उजेडामुळे काळेठिक्कर चेहरे. वर्तमानपत्राला पाठवायला सचिवांना एकही फोटो सापडत नाही.

याचा दोष मोबाईलला देऊन उपयोग नाही. बहुतेकांचा क्रमच चुकतो. कार्यक्रम सुरू झाला की ते फोटो काढायला लागतात, आणि तोवर खुर्च्या, बॅनर, टेबल, दिवे सगळं ठरून गेलेलं असतं. खालचा क्रम मोबाईलवाल्याला आणि कॅमेरावाल्याला सारखाच लागू आहे. जिथे फरक पडतो तिथे वेगळं लिहिलं आहे.

टप्पा १ : फोटो कुठे जाणार, ते सचिवांना विचारा

एकाच सभेच्या फोटोंना तीन-चार गिऱ्हाइकं असतात आणि प्रत्येकाला वेगळं हवं असतं. वर्तमानपत्राला एक-दोन आडवे फोटो पुरतात, पण त्यात चेहरे ओळखू आले पाहिजेत आणि काहीतरी घडताना दिसलं पाहिजे. संस्थेच्या दप्तराला बॅनरवरची अक्षरं वाचता येतील आणि उपस्थिती दिसेल असे फोटो लागतात. अनुदानाच्या काही प्रस्तावांना तारीख, वेळ आणि ठिकाण छापलेलाच फोटो चालतो. आणि मुंबईकर मंडळींना आपली आत्या कुठल्या रांगेत बसली होती ते बघायचं असतं, त्यांना भाषणात रस नसतो.

मग कार्यक्रमपत्रिका मागून घ्या. छापलेली नसेल तर सूत्रसंचालकाच्या कागदाचा फोटो काढून घ्या. आपल्याकडचा क्रम साधारण ठरलेला असतो: दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागत, प्रास्ताविक, अहवालवाचन, सत्कार, मनोगतं, अध्यक्षीय भाषण, आभार. त्यावरून दहा-बारा फोटोंची यादी करा, म्हणजे "हे नसतील तर चालणारच नाही" असे. बाकीचे कितीही काढा, पण यादीतले आधी.

दोन प्रश्न मात्र न विसरता विचारायचे. सत्कार कुणाकुणाचे आहेत? आणि लवकर कोण निघणार आहे? प्रमुख पाहुण्यांना हमखास पुढचा कार्यक्रम असतो. ग्रुप फोटो शेवटी ठेवलात तर ते त्यात नसतीलच. तो मध्येच कधी घ्यायचा, हे आदल्या दिवशीच सूत्रसंचालकाशी बोलून ठेवा.

तपासा: यादी कागदावर आहे का? मोबाईलमध्ये लिहून ठेवलीत तर फोटो काढता काढता ती उघडणार कशी?

टप्पा २ : जागा आदल्या दिवशी, कार्यक्रमाच्याच वेळेला बघा

या लेखातला एकच टप्पा करायला वेळ असेल तर हा करा. सभा सकाळी दहाला असेल तर सकाळी दहालाच जा. संध्याकाळी बघितलेला हॉल सकाळी वेगळाच निघतो.

पहिली गोष्ट बघायची ती खिडक्या-दारं. टेबलामागे खिडकी असेल तर फोटोत बाहेरचं अंगण लख्ख आणि अध्यक्ष काळे. यावर सेटिंगमध्ये खटपट करण्यापेक्षा टेबल दुसऱ्या भिंतीकडे हलवणं सोपं. ते जमत नसेल तर बॅनर त्या खिडकीवरच लावायला सांगा. बॅनर पातळ असेल तर मागून उजेड येऊन अक्षरं पुसट होतात, म्हणून आधी खिडकीची झडप लावून घ्या.

दुसरं म्हणजे छप्पर. कौलारू शाळा, बिनगिलाव्याच्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, मासळीची पत्र्याची लिलाव शेड या जागा उजेड पिऊन टाकतात. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत संध्याकाळ असते. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश वर छताकडे वळवून मारण्याची युक्ती पांढऱ्या, बुटक्या स्लॅबखाली चालते. कौलांवर मारलेला फ्लॅश कौलातच राहतो, परत येत नाही. लालसर भिंतीवरून परतलाच तर चेहरे विटकरी करतो.

तिसरा मांडव. मे महिन्यात आणि गणपतीत, चाकरमानी गावी असतात तेव्हा, वाडीच्या सभा बहुधा अंगणात मांडवाखालीच होतात. निळ्या ताडपत्रीखाली बसलेला प्रत्येक माणूस आजारी दिसतो, हिरव्या कापडाखाली तर विचारूच नका. हा रंग नंतर मोबाईलमध्ये पूर्ण निघत नाही, कारण वरून निळा आणि बाजूने पांढरा असा दुहेरी उजेड एकाच चेहऱ्यावर पडलेला असतो. मंडपवाल्याला आदल्या दिवशी सांगितलं तर निदान मंचावर तरी तो पांढरं कापड लावून देतो. तेही नसेल तर मंच मांडवाच्या कडेला, मोकळ्या उजेडाकडे तोंड करून ठेवायला सांगा.

आणि समुद्र. किनाऱ्यावरच्या कार्यक्रमाला आयोजकांना हटकून समुद्र पाठीमागे हवा असतो. आपला समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी पाच वाजता समुद्राकडे पाठ करून उभा राहिलेला वक्ता म्हणजे सूर्यासमोरची काळी आकृती. मंच उत्तर किंवा दक्षिणेकडे तोंड करून लावला तर उजेड बाजूने येतो आणि समुद्रही फोटोच्या एका अंगाला राहतो. सकाळचा कार्यक्रम असेल तर समुद्र खुशाल मागे घ्या, ऊन पूर्वेकडून, म्हणजे वक्त्याच्या तोंडावर येतं.

शेवटी ट्यूब आणि दिवे लावून बघा. कुठली ट्यूब फडफडते, इन्व्हर्टरवर काय काय चालतं, लाईट गेली तर कुठलं दार उघडायचं, हे विचारून ठेवा. पावसाळ्यात हा प्रश्न येतोच. आणि आपल्याकडे सभांचा मोसम पावसातच असतो: जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद म्हणून मच्छीमार मंडळी किनाऱ्यावर मोकळी असतात, १५ ऑगस्टला ग्रामसभा असते, आणि सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत उरकायची असते. थोडक्यात, मळभ, दमट हवा आणि अंधारी खोली हेच आपलं नेहमीचं मैदान.

सावध: आयोजकांना पाच सूचना एकदम देऊ नका. त्यांना जेवणाची, खुर्च्यांची, पाहुण्यांच्या गाडीची काळजी असते. टेबल आणि बॅनर एवढ्या दोनच गोष्टी मागा, त्या मिळतात.

टप्पा ३ : सामान आणि सेटिंग घरूनच लावून निघा

मोबाईल असेल तर आधी जागा रिकामी करा. शुभ सकाळचे फोटो आणि व्हिडिओ यांनी भरलेला फोन ऐन सत्काराला "स्टोरेज फुल" म्हणतो. बॅटरी पूर्ण, पॉवर बँक खिशात, आणि फोन एरोप्लेन मोडवर, नाहीतर दीपप्रज्वलनाच्या क्षणी कुणाचा तरी फोन येणार. ठिकाण छापलेले फोटो लागणार असतील तर लोकेशन मात्र चालू ठेवा. मोबाईलची रेंज नसली तरी जीपीएस चालतं, पण नेटशिवाय त्याला वेळ लागतो आणि स्लॅबखाली ते अडतं. कार्यक्रमाआधी अंगणात उभं राहून फोटोवर ठिकाण छापणारं ॲप एकदा चालू करून ठिकाण बरोबर येतंय का बघा.

फोनमध्ये एवढंच लावा:

फ्लॅश बंद. तो चार हातांपलीकडे पोचत नाही, आणि जवळच्या माणसाचा चेहरा चुन्यासारखा करतो.

ग्रिड चालू. बॅनर तिरका येणं ही नवशिक्याची सगळ्यात ठळक खूण आहे.

बोटांनी झूम करू नका. दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा, नसेल तर दोन पावलं पुढे जा.

पोर्ट्रेट मोड सभेत नको. एका माणसाला ठीक, पण ओळीत बसलेल्यांचे कान आणि पदर तो धूसर करून टाकतो. नाईट मोडही नको: तो थोडा वेळ उजेड गोळा करत राहतो, तेवढ्यात वक्त्याचा हात हलून पंख्यासारखा दिसतो.

कॅमेरा असेल तर शटर प्रायॉरिटी (शटर किती वेळ उघडं राहणार ते आपण ठरवायचं, बाकीचं कॅमेरा बघतो), वेळ सेकंदाचा १/१००, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ऑटो आणि त्याची कमाल मर्यादा ३२०० किंवा ६४००. हे १/१०० का? आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि कित्येक स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण शटर त्याहून वेगवान ठेवलंत की एक फोटो उजळ, दुसरा पिवळट, तिसऱ्यावर काळपट पट्टे. १/१०० किंवा १/५० वर हा त्रास जवळपास जातो. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर अशा उजेडात पट्टे पाडू शकतं, सभेत ते बंद ठेवा. दाणेदार फोटोला घाबरू नका. दाणे असलेला पण स्पष्ट फोटो छापता येतो, हललेल्याचं काहीच करता येत नाही.

कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या साध्या १८-५५ एमएम झूम लेन्सवर शिकता येतं. पुढे पैसे घालायचे असतील तर आधी ५० एमएमची एफ १.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त) घ्या, महागडा कॅमेरा नव्हे. अंधाऱ्या हॉलमध्ये ती कितीतरी जास्त उजेड आत घेते.

पावसाळ्यात एक काळजी जास्तीची. एसी गाडीतून उतरून थेट हॉलमध्ये गेलात तर लेन्सवर वाफ धरते. पुसली तरी परत धरते. सामान बंद पिशवीतच ठेवून अर्धा तास आधी गाडीतून उतरवा, बाहेरच्या हवेशी त्याला जुळू द्या. मोबाईलच्या लेन्सला तर कायम बोटांचं तेल आणि खाऱ्या वाऱ्याचा थर असतो. दिव्याभोवती धुरकट वलय दिसलं तर तो दोष लेन्स न पुसल्याचा.

तपासा: कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे का? दोघंजण फोटो काढणार असाल तर दोघांची घड्याळं जुळवा. नाहीतर रात्री फोटो लावताना आभार आधी आणि दीपप्रज्वलन नंतर येतं.

टप्पा ४ : आधी लहान सभेवर हात बसवा

पहिलाच कार्यक्रम तालुक्याच्या मेळाव्याचा घेऊ नका. गटाची साधी बैठक बघा, पडवीत बसलेल्या दहा-बारा बायका, मध्ये पैशांचा डबा आणि हिशेबाची वही. परवानगी घ्या आणि पूर्ण बैठकभर तिथेच राहा. घरी येऊन फोटो बघताना प्रत्येक टाकाऊ फोटोपुढे कारण लिहा: हलला, काळा आला, डोळे मिटले, मध्ये खांब आला, वरून काढला. दोन-तीन बैठकांत तुमचं नेहमीचं कारण कोणतं ते कळतं. बहुतेकांचं "वरून काढला" हे निघतं. लोक जमिनीवर बसलेले आणि आपण उभे, मग फोटोत नुसते भांग आणि अंबाडे येतात. खाली बसा. गुडघे दुखतील, पण चेहरे मिळतील.

टप्पा ५ : सुरू होण्याआधीचा अर्धा तास

हा अर्धा तास नवशिके चहात घालवतात. याच वेळात रिकामा हॉल आणि पूर्ण बॅनर मिळतो, नंतर बॅनरपुढे कुणी ना कुणी उभंच असतं. नोंदणीच्या टेबलावर सही करणाऱ्या आजी, खुर्च्या लावणारी मुलं, हार करणाऱ्या बायका यांचे फोटो मुंबईकरांच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त बघितले जातात.

मग अध्यक्षांच्या खुर्चीवर एखाद्या मुलाला बसवून एक फोटो काढा आणि मोठा करून बघा. चेहरा काळा येतोय का? डोक्यातून बॅनरचा खांब उगवलाय का? टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्या आणि फुलदाणी चेहरा झाकतायत का? फुलदाणी टोकाला सरकवा. बाटल्या खाली ठेवायला सांगा, कुणी नाही म्हणत नाही.

सूत्रसंचालकाला भेटून एवढंच सांगा: "सत्काराच्या वेळी मी डावीकडून येईन. पुढचं नाव घेण्याआधी माझ्याकडे एकदा बघा." एवढ्यानं काम निम्मं होतं.

टप्पा ६ : दीपप्रज्वलन आणि सत्कार

सगळ्यात जास्त फोटो इथेच वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

समई बहुधा मंचाच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून ठेवतात. मग पाहुणे भिंतीकडे तोंड करून वाकतात आणि फोटोत सहा पाठी येतात. समई भिंतीपासून दोन हात पुढे घ्यायला सांगा, म्हणजे माणसं तिच्या मागे आणि बाजूला उभी राहतील. तुम्ही समईच्या समोर, ज्योतीच्या उंचीला खाली बसा. उदघाटकांच्या हातातली मेणबत्ती वातीला लागते तेव्हा सगळ्यांच्या नजरा तिथे असतात, फोटो तेव्हाचा. ज्योत पेटल्यावर सगळे तुमच्याकडे बघतात, तेव्हा दुसरा. किनाऱ्यावर वाऱ्याने वात लागायला वेळ लागतो, ही तुमच्यासाठी चांगलीच गोष्ट: घाई न करता तीन-चार फोटो मिळतात. फक्त पंखा आधी बंद करायला सांगा.

मोबाईलवर ज्योतीवर बोट ठेवलंत तर ज्योत नीट येते आणि माणसं काळी. चेहऱ्यावर बोट ठेवा, दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच बांधला जातो. ज्योत थोडी जास्त पांढरी आली तर येऊ दे.

सत्काराची चार पावलं असतात आणि ती भराभर होतात. शाल उघडली जाते, खांद्यावर येते, श्रीफळ आणि गुच्छ हातात दिला जातो, मग दोघं समोर बघतात. शाल घालताना फोटो काढू नका. तेव्हा घालणाऱ्याचे हात वर असतात आणि घेणाऱ्याचा चेहरा शालीमागे. शाल बसली, हात खाली आले, श्रीफळ दोघांच्या हातात आहे, तो पहिला फोटो. दोघं समोर बघतात तो दुसरा. दोन्हीमध्ये दोन-दोन वेळा बटण दाबा, डोळे मिटण्याचा धोका असतोच.

गुच्छ तोंडासमोर धरणाऱ्यांना बिनदिक्कत सांगा: "काका, गुच्छ जरा खाली." मोठ्यानं, हसून. गावात याचं कुणी वाईट मानत नाही, उलट फोटो खराब आला तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

सावध: सत्कारमूर्तींच्या नावाची चिठ्ठी किंवा यादीवरची खूण सत्कार होता होताच करा. रात्री नऊ शाली आणि नऊ चेहरे समोर आले की कोण कोण ते आठवत नाही.

टप्पा ७ : भाषणं

वक्ता उजव्या हातात माइक धरत असेल तर तुम्ही त्याच्या डाव्या अंगाला जा. समोरून काढलंत तर माइक ओठांवर येतो. स्टँडवरचा माइक असेल तर चार पावलं बाजूला, म्हणजे माइक आणि तोंड यांच्यात फट दिसते.

सुरुवातीचं एक-दीड मिनिट नुसतं बघा. प्रत्येकाची एक लकब असते: कुणी बोट वर करतो, कुणी चष्मा काढून हातात घेतो, कुणी वाक्य संपलं की लोकांकडे बघून थांबतो. त्या थांबण्यात फोटो काढा. बोलताना तोंड वेडंवाकडं येतं, थांबल्यावर चेहरा शांत असतो आणि १/१०० ला हातही हलत नाही.

प्रत्येक वक्त्याचे तीन प्रकार पुरे: कमरेपासून वरचा, बॅनरसकट पूर्ण मंच, आणि श्रोत्यांच्या मागून. ते झाले की बसा. भाषणभर मंचापुढे येरझारा घालणारा फोटोग्राफर मागच्यांना वक्त्यापेक्षा जास्त दिसतो.

प्रोजेक्टर लावला असेल तर वेगळा घोळ होतो. पडद्यावरची अक्षरं आणि वक्ता एकाच फोटोत नीट येणं कठीण. मोबाईलवर पडद्यावर बोट दाबून उजेड बांधा आणि वक्ता पडद्याच्या उजेडात आला की फोटो घ्या. काही प्रोजेक्टरवर वेगवान शटरला रंगीत पट्टे येतात, तिथे कॅमेऱ्याचं शटर १/६० पर्यंत खाली आणा.

राष्ट्रगीताला कॅमेरा खाली आणि तुम्ही सावधान. "सगळे उभे" असा फोटो हवाच असेल तर लोक उठून उभे राहतात तेव्हा, गीत सुरू होण्याआधी घ्या.

टप्पा ८ : आता मंचाकडे पाठ करा

सभा खाली बसलेल्यांची असते. ठरावाला वर झालेले हात, हिशेबाच्या पानावर बोट ठेवून खजिनदाराला विचारणारे काका, मागच्या दारात उभ्या राहिलेल्या, आत न येणाऱ्या बायका, हे फोटो नसतील तर दप्तरात नुसता मंच उरतो. ठरावाच्या वेळी हॉलच्या पुढच्या कोपऱ्यात उभे राहा, हात आणि चेहरे दोन्ही येतील. मागून काढले तर नुसत्या मनगटांची गर्दी.

पूर्ण उपस्थिती दाखवायची असेल तर खुर्चीवर उभं राहून पुढच्या कोपऱ्यातून तिरका फोटो घ्या. रिकाम्या खुर्च्या दिसतात अशी अध्यक्षांची तक्रार आली तर पुढच्या कोपऱ्यातूनच, पण थोडं खालून काढा. पुढची माणसं मागच्या खुर्च्या झाकतात. गर्दी खोटी दाखवण्यासाठी कापाकापी मात्र करू नका, गावात कोण आलं नव्हतं ते सगळ्यांना माहीत असतं.

सावध: वादावादी सुरू झाली की कॅमेरा खाली. भांडणाचा फोटो ग्रुपवर गेला की पुढच्या सभेत तुम्हाला कुणी उभं करणार नाही. पासबुक, आधार कार्ड, कर्जदारांची यादी असे वाचता येणारे कागद फोटोत आले तर तो फोटो बाहेर पाठवू नका. शाळेतल्या मुलांचे जवळचे फोटो मुख्याध्यापकांना आणि पालकांना विचारूनच.

टप्पा ९ : ग्रुप फोटो

जागा आधी ठरवा. दुपारी उन्हात उभं केलंत तर डोळे किलकिले आणि कपाळाखाली काळी सावली. शाळेच्या चिऱ्याच्या पायऱ्या, त्यावर पडवीची सावली, ही जागा आपल्याकडे जवळपास प्रत्येक गावात मिळते. पायऱ्यांमुळे मागच्या रांगा आपोआप वर येतात.

ज्येष्ठ आणि पाहुणे खुर्चीवर, मुलं खाली, उंच माणसं मागे मधोमध. रुंद लेन्सने जवळून काढलंत तर टोकाची माणसं ताणली जाऊन जाड दिसतात आणि ती मंडळी हे लक्षात ठेवतात. मागे सरा आणि साधी लेन्स वापरा. कॅमेऱ्यावर शटर प्रायॉरिटी सोडून अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी घ्या आणि एफचा आकडा ५.६ ते ८ ठेवा, तीन रांगा असतील तर फोकस पहिल्या रांगेवर नको, दुसऱ्या रांगेवर. लोक जितके जास्त, तितके फोटो जास्त. वीस माणसांत कुणाचे ना कुणाचे डोळे मिटतातच. "एक, दोन, तीन" म्हणून तीनला एक काढा आणि सगळे सैल झाले की लगेच आणखी दोन. चांगला बहुधा त्या दोनांतलाच असतो.

टप्पा १० : त्याच रात्री

आधी फोटो दुसऱ्या ठिकाणी उतरवा, मग जेवा. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर, आणि या दोन्ही झाल्याशिवाय कार्डवरचं काही पुसू नका.

निवड करताना हात आखडू नका. शंभरातले वीस ठेवा. एकाच क्षणाचे तीन फोटो पाठवले की बघणारा तिन्ही नीट बघत नाही. डोळे मिटलेले, तोंडात घास असलेले, साडीचा पदर सरकलेले फोटो कितीही सुंदर असले तरी जाऊ देत.

दुरुस्ती जुजबी करा: तिरका बॅनर सरळ, कडेचं डोकं कापून टाका, काळे भाग थोडे उजळ, ताडपत्रीचा निळेपणा कमी. चेहरे गोरे करणारे फिल्टर लावलेला फोटो वर्तमानपत्रात भुतासारखा छापला जातो.

मग ओळी. फोटोखालच्या ओळी तुम्हीच लिहा, कारण कोण कुठे उभं होतं ते तुम्हालाच माहीत. नमुना असा: ठिकाण, प्रसंग, मग "डावीकडून" म्हणून क्रमाने नावं आणि पदं, शेवटी तारीख. डावीकडून म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून. आडनावं आणि पदं सचिवांकडून तपासून घ्या. नाव चुकलेला फोटो न छापलेल्या फोटोपेक्षा जास्त महागात पडतो, विशेषतः ते पाहुण्यांचं नाव असेल तर.

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो टाकलात तर तो बारीक होऊन जातो. छपाईला तो उपयोगी पडत नाही. वर्तमानपत्राला "डॉक्युमेंट" म्हणून किंवा ईमेलने मूळ फाइल द्या, आणि ती त्याच दिवशी. दोन दिवसांनी पाठवलेल्या सभेला पानावर जागा नसते. ग्रुपवर मात्र बारीक फोटोच टाका, गावाकडच्या रेंजवर मोठे उघडत नाहीत.

फाइलींना वर्ष-महिना-दिवस या क्रमाने नाव द्या, पुढे सभेचं नाव. पुढच्या वर्षी अहवालाला फोटो हवे असतील तेव्हा सचिव तुम्हालाच फोन करणार आहेत.

टप्पा ११ : सामान वाळवा

पावसाळ्यातल्या सभेवरून आलेला कॅमेरा तसाच पिशवीत घालून पिशवी कपाटात टाकली, तर लेन्सच्या आत बुरशीचे कोळिष्टकासारखे धागे धरतात. आत धरलेली बुरशी घरी निघत नाही. घरी आल्यावर कोरड्या मऊ कापडाने अंग पुसा, समुद्रावरचा कार्यक्रम असेल तर आधी किंचित ओलसर कापडाने मीठ काढा. मग घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. रंग बदलणारं जेल घ्या, निळं असेल तर ओल भरल्यावर ते गुलाबी होतं. गुलाबी झालं की वेगळ्या, स्वयंपाकात न लागणाऱ्या तव्यावर मंद आचेवर निळं होईपर्यंत गरम करा आणि गार झाल्यावर परत डब्यात टाका. कॅमेऱ्याची कापडी किंवा चामडी पिशवी या डब्यात ठेवू नका, ओल तीच धरून ठेवते. ती वेगळी, वाऱ्यावर टांगा.